व्हर्च्युअल डेस्कटॉप अडखळतोय? आधी फ्रेम कुठे गळतायत ते शोधा, मग खर्चाचं बघू

व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणजे लांबच्या सर्व्हरवर चालणारं आणि नेटवरून आपल्या स्क्रीनवर दिसणारं कॉम्प्युटर, आणि फ्रेम म्हणजे त्या स्क्रीनचं एकेक चित्र. त्याबद्दल युजरकडून तक्रार येते ती कायम एकाच वाक्यात, "मशीन स्लो आहे". आणि मग सपोर्टवाला लगेच विचारतो नेट कसंय, युजर स्पीड टेस्ट करून स्क्रीनशॉट पाठवतो, त्यात १०० एमबीपीएस दिसतात, आणि दोघंही तिथेच अडकतात. मग कोणीतरी म्हणतं रॅम वाढवू, कोणी म्हणतं जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) घेऊ. घेतात पण. आणि मशीन तसंच अडखळत राहतं, कारण मुळात भानगड कुठे आहे हे कोणी बघितलेलंच नसतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे "स्लो" या शब्दाची फोड करणं. युजरला शेजारी बसवा किंवा स्क्रीन शेअर करायला सांगा आणि नक्की काय होतंय ते डोळ्याने बघा. कर्सर हाताच्या मागून येतोय आणि टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतंय, तर ते बहुतेक लेटन्सीचं (सिग्नल जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचं) दुखणं. स्क्रोल केल्यावर अक्षरं आधी धूसर दिसतात आणि सेकंदाभराने क्लिअर होतात, तर बँडविड्थ (लाइनची क्षमता) किंवा कोडेकच्या (चित्र दाबून लहान करण्याच्या पद्धतीच्या) सेटिंगकडे बघायचं. टायपिंग मस्त चालतंय पण व्हिडिओ तुटतोय किंवा थ्रीडी मॉडेल फिरवलं की स्लाइड शो होतो, तर चित्र तयार करण्यात किंवा एन्कोड करण्यात (पाठवण्यासाठी दाबून लहान करण्यात) काहीतरी कमी पडतंय. आणि "सकाळी ठीक होतं, नंतर एकदम मेलं" असं कोणी म्हणालं की माझा पहिला संशय लायसन्सवर असतो, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

त्याच्याबरोबर अजून दोन प्रश्न विचाराच: एकालाच होतंय की सगळ्यांना, आणि कायम होतंय की ठरावीक वेळेला. एकालाच होत असेल तर त्याचा लॅपटॉप, त्याचं वायफाय, त्याचा व्हीपीएन. एकाच होस्टवरच्या (हे डेस्कटॉप चालवणाऱ्या मूळ सर्व्हरवरच्या) सगळ्यांना होत असेल तर होस्ट. एका ऑफिसमधल्या सगळ्यांना पण घरून काम करणाऱ्यांना नाही, तर त्या ऑफिसची लाइन. एवढं विचारलं तरी अर्धा गोंधळ संपतो.

फ्रेमचा प्रवास

आपल्या समोरच्या स्क्रीनवर जे दिसतं ते तिकडे लांब सर्व्हरवर तयार होतं. ॲप चित्र काढतं, जीपीयू असेल तर जीपीयूवर, नसेल तर बिचारा सीपीयूच ते काढतो, मग रिमोटिंग प्रोटोकॉल ते चित्र उचलतो, एन्कोड करतो, नेटवर्कवरून पाठवतो, इकडे क्लायंट ते डीकोड करतो आणि मॉनिटरवर टाकतो. माउसची क्लिक याच रस्त्याने उलटी जाते. ३० एफपीएससाठी (सेकंदाला ३० फ्रेम) हे सगळं दर ३३ मिलिसेकंदाला व्हायला हवं आणि ६० साठी दर १६.७ मिलिसेकंदाला. साधा १०८० पीचा स्क्रीन ३० एफपीएसने कॉम्प्रेस न करता पाठवायचा म्हटला तर जवळपास दीड जीबीपीएस लागतील, त्यामुळे एन्कोडिंगला पर्याय नाही, आणि म्हणूनच एन्कोडर हा या साखळीतला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे.

म्हणजे फ्रेम गळण्याच्या जागा मुख्यतः तीनच. सर्व्हर, नेटवर्क, क्लायंट. आणि गंमत म्हणजे विंडोजमधे हे सांगणारे काउंटर आधीपासून बसवलेले आहेत, फक्त कोणी उघडून बघत नाही.

परफमॉन उघडा, बाकी सगळं नंतर

आरडीपीवर (मायक्रोसॉफ्टचा रिमोटिंग प्रोटोकॉल) चालणारं काही असेल, म्हणजे विंडोजचे सेशन होस्ट किंवा ॲझ्युर व्हर्च्युअल डेस्कटॉप, तर त्या व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर) ॲडमिन म्हणून परफॉर्मन्स मॉनिटर म्हणजे परफमॉन चालू करा आणि काउंटर ॲड करताना "रिमोटएफएक्स ग्राफिक्स" हा गट शोधा. नाव बघून दचकू नका. रिमोटएफएक्स व्हीजीपीयू (एक जीपीयू अनेक व्हीएममधे वाटणारं) हे फीचर मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या त्रुटीमुळे जुलै २०२० मधे डिसेबल केलं आणि एप्रिल २०२१ मधे काढूनच टाकलं, पण काउंटरवर नाव तेच राहिलंय. (जुन्या गाइडमधे अजूनही "रिमोटएफएक्स ॲडॅप्टर ॲड करा" असं लिहिलेलं सापडतं, ते वाचून वेळ घालवू नका.)

यातले कामाचे काउंटर असे. "इनपुट फ्रेम्स पर सेकंद" म्हणजे सर्व्हरवर किती फ्रेम तयार झाल्या. "आउटपुट फ्रेम्स पर सेकंद" म्हणजे त्यातल्या किती क्लायंटला गेल्या. "ॲव्हरेज एन्कोडिंग टाइम" म्हणजे एक फ्रेम एन्कोड करायला लागलेला वेळ. आणि मग "फ्रेम्स स्किप्ड पर सेकंद" नावाचे तीन काउंटर, तीनही वेगवेगळे: इनसफिशियंट सर्व्हर रिसोर्सेस, इनसफिशियंट नेटवर्क रिसोर्सेस, इनसफिशियंट क्लायंट रिसोर्सेस. आरोपीचं नाव आधीच छापलेलं आहे, अजून काय पाहिजे.

आता वाचायचं कसं. युजरला सांगा की ज्या गोष्टीत त्रास होतो तीच कर, मॉडेल फिरव, व्हिडिओ लाव, जे असेल ते. हे महत्त्वाचं आहे कारण स्क्रीन स्थिर असेल तर फ्रेम तयारच होत नाहीत आणि इनपुटचा आकडा दोन-चारवर दिसतो, मग लोक घाबरतात. स्क्रीन जोरात हलत असताना सुद्धा इनपुट कमी आणि एन्कोडिंग टाइम ३३ मिलिसेकंदाच्या खाली, तर ॲप किंवा ओएसच फ्रेम काढत नाहीये, नेटला हात लावू नका. एन्कोडिंग टाइम ३३ च्या वर जातोय तर एन्कोडरला ताकद कमी पडतेय. इनपुट छान ३० आणि आउटपुट १२, तर मधे फ्रेम टाकल्या जातायत, तीन स्किप काउंटरपैकी कुठला वर उडतोय ते बघा आणि त्या दिशेला जा.

याच्याच शेजारी "रिमोटएफएक्स नेटवर्क" गटात टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धतींचा राउंड ट्रिप टाइम म्हणजे आरटीटी (जाऊन-येऊन लागणारा वेळ) दिसतो. आणि "युजर इनपुट डिले" नावाचा अजून एक गट आहे, विंडोज १० च्या १८०९ पासून आणि सर्व्हर २०१९ पासून तो आपोआप चालू असतो. क्लिक सर्व्हरवर पोचल्यानंतर ॲपने ती उचलायला किती वेळ लावला ते हा सांगतो. यात नेटवर्कचा वेळ धरलेला नाही, आणि तीच याची खरी किंमत आहे: हा आकडा मोठा आला तर सर्व्हरवरच सीपीयूची मारामारी चालू आहे, लाइन कितीही फास्ट करा उपयोग नाही.

सिट्रिक्स आणि होरायझन ही व्हर्च्युअल डेस्कटॉपची दुसरी सॉफ्टवेअर. सिट्रिक्सवाल्यांना डिरेक्टरमधे आयसीए (सिट्रिक्सचा प्रोटोकॉल) आरटीटी आणि सेशनची माहिती मिळते, होरायझनवाल्यांकडे परफॉर्मन्स ट्रॅकर आहे त्यात कोडेक, एफपीएस, लेटन्सी सगळं एका जागी दिसतं. नावं वेगळी, प्रश्न तेच.

जीपीयू लावलाय, पण वापरला जातोय का

हे फार वेळा होतं. कार्ड बसवलंय, बिल भरलंय, डिव्हाइस मॅनेजरमधे नाव पण दिसतंय, आणि ॲप मात्र सीपीयूवर चित्रं काढतंय. सेशनच्या आत डीएक्सडायग चालवा आणि डिस्प्ले टॅब बघा. तिथे "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर" किंवा "बेसिक रेंडर ड्रायव्हर" दिसलं की समजा सॉफ्टवेअर रेंडरिंग चालू आहे. लिनक्स डेस्कटॉप असेल तर जीएलएक्सइन्फो चालवून रेंडररची ओळ बघा, तिथे एलएलव्हीएमपाइप लिहिलेलं असेल तर तेच दुखणं. ब्राउझरमधे जीपीयूचं अंतर्गत पान उघडलं तर कुठलं ॲक्सिलरेशन हार्डवेअरवर आहे आणि कुठलं सॉफ्टवेअरवर ते ओळीने लिहिलेलं असतं.

विंडोज सर्व्हरच्या आरडीपी सेशनमधे एक ग्रुप पॉलिसी हमखास राहून जाते. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, सेशन होस्ट, रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंट, एवढं खोल गेलं की तिथे "यूज हार्डवेअर ग्राफिक्स ॲडॅप्टर्स फॉर ऑल रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस सेशन्स" असं लांबलचक नाव आहे, ते एनेबल करायचं. त्याच फोल्डरमधे एच.२६४ म्हणजे एव्हीसीच्या हार्डवेअर एन्कोडिंगची आणि एव्हीसी ४४४ मोडची (रंगाची पूर्ण माहिती पाठवणारा मोड) पॉलिसी पण आहे. पहिली पॉलिसी चित्र काढण्यासाठी, दुसरी एन्कोड करण्यासाठी, दोन्ही वेगळ्या आहेत, एक लावून दुसरी विसरणारे भरपूर.

लागलं का ते अंदाजाने ठरवू नका. इव्हेंट व्ह्यूअरमधे मायक्रोसॉफ्ट, विंडोज, मग रिमोटडेस्कटॉपसर्व्हिसेस-आरडीपीकोअरसीडीव्ही (ॲझ्युर नसेल तर आरडीपीकोअरटीएस), ऑपरेशनल या लॉगमधे जा. इव्हेंट १७० मधे हार्डवेअर एन्कोडर एनेबल्डच्या पुढे १ असेल तर जीपीयू एन्कोड करतोय. एव्हीसी ४४४ चालू आहे का हे इव्हेंट १६२ सांगतो, त्यात इनिशियल प्रोफाइल २०४८ दिसलं पाहिजे. पॉलिसी बदलल्यावर नुसतं डिसकनेक्ट करून परत येऊ नका, पूर्ण लॉग ऑफ करा, नाहीतर जुनंच सेशन जुन्याच सेटिंगवर चालू राहील आणि तुम्ही म्हणाल पॉलिसीने काही फरक पडत नाही.

ड्रायव्हर कुठल्या क्रमाने टाकला यानेही घोळ होतात. होरायझनमधे आधी व्हीएमवेअर टूल्स, मग एनव्हिडियाचा ड्रायव्हर, सगळ्यात शेवटी एजंट. ड्रायव्हर अपडेट केला आणि स्क्रीन काळा यायला लागला किंवा हार्डवेअर एन्कोडिंग गायब झालं, तर एजंट काढून परत टाकून बघा. आणि होस्टवरचा व्हीजीपीयू मॅनेजर आणि व्हीएममधला ड्रायव्हर यांची आवृत्ती एकमेकांना चालणारी असावी लागते, होस्ट अपग्रेड केला आणि गोल्डन इमेज (ज्यावरून सगळ्या व्हीएम बनतात तो साचा) तशीच ठेवली की इथेच गाडी अडते.

वीस मिनिटांनी मरणारं मशीन

आता ते लायसन्सचं. एनव्हिडियाचा व्हीजीपीयू असेल तर व्हीएम चालू झाल्यावर त्याला लायसन्स सर्व्हरकडून लायसन्स घ्यावं लागतं. मिळालं नाही तर ते लगेच बंद पडत नाही, आणि तिथेच सगळी फसगत आहे. सुरुवातीला पूर्ण ताकदीने चालतं. २० मिनिटं झाली की फ्रेम रेट १५ वर अडवला जातो. २४ तास उलटले तरी लायसन्स नाही, तर ३ एफपीएस. तीन! त्यावर कॅड सोडा, स्टार्ट मेनू उघडतानाही चिडचिड होते.

आता विचार करा सपोर्टला हे कसं दिसतं. युजर फोन करतो, तुम्ही सांगता रीस्टार्ट करा, तो करतो, मशीन एकदम झकास चालतं, तिकीट बंद. अर्ध्या तासाने परत फोन. नॉन-पर्सिस्टंट पूल (एकसारख्या व्हीएमचा गट) असेल तर अजूनच मजा, लॉग ऑफ केलं की मशीन नव्याने बनतं त्यामुळे २४ तासांची वेळ येतच नाही, कायम १५ एफपीएसवर रखडतं आणि लोक म्हणतात "हल्ली जरा जडच चालतं". जरा जड चाललंय म्हणून कोणी लायसन्स तपासत नाही ना.

तपासायला एक कमांड पुरते. व्हीएमच्या आत एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड क्यू ऑप्शन देऊन चालवा, भलंमोठं आउटपुट येईल, त्यात लायसन्स स्टेटसची ओळ शोधा. तिथे लायसन्स्ड असं हवं आणि पुढे एक्स्पायरीची तारीख. अनलायसन्स्ड दिसलं तर या गोष्टी बघा: क्लायंट कॉन्फिग टोकनची फाइल जागेवर आहे का (विंडोजमधे प्रोग्राम फाइल्स, एनव्हिडिया कॉर्पोरेशन, व्हीजीपीयू लायसन्सिंग, क्लायंटकॉन्फिगटोकन हे फोल्डर), ती आत्ताच्या लायसन्स सर्व्हरची आहे की गोल्डन इमेजमधे राहून गेलेली जुनी आहे, व्हीएमचं घड्याळ बरोबर आहे का, आणि फायरवॉल लायसन्स सर्व्हरपर्यंत जाऊ देतेय का. घड्याळाचं लोकांना खोटं वाटतं, पण व्हीएमची वेळ भलतीच असेल तर लायसन्स नाकारलं जातं, आणि वेळ चुकवण्यात व्हर्च्युअल मशीनचा हात कोणी धरू शकत नाही.

एफपीएसवर अजून काही मर्यादा मुद्दाम घातलेल्या असतात, त्या बिघाड समजून त्यांच्या मागे लागू नका. एनव्हिडियाच्या बी प्रोफाइलला (प्रोफाइल म्हणजे व्हीएमला दिलेला जीपीयूचा वाटा) बेस्ट एफर्ट शेड्युलरमधे (शेड्युलर म्हणजे जीपीयूचा वेळ वाटणारा) ४५ एफपीएसची टोपी असते, क्यू प्रोफाइलला ६० ची. आरडीपी स्वतः डिफॉल्टला ३० वर थांबतो. ते ६० करायचं तर रजिस्ट्रीत लोकल मशीन, सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टर्मिनल सर्व्हर, विनस्टेशन्स इथे डीडब्ल्यूएमफ्रेमइंटरव्हल नावाची डीवर्ड व्हॅल्यू सगळी कॅपिटल अक्षरांत, मधे स्पेस न देता बनवा, डेसिमलमधे १५ टाका आणि मशीन रीस्टार्ट करा. माझं मत विचाराल तर मेल आणि एक्सेलवाल्यांसाठी ३० भरपूर झाले, ६० केलं की एन्कोडरचं काम दुप्पट होतं आणि त्याच कार्डवर बसणारी माणसं कमी होतात. थ्रीडी आणि व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना द्या, सरसकट नको.

फ्रेमबफर आणि ते दोन फोर-के मॉनिटर

पूल बनवताना १ जीबी फ्रेमबफरचं (जीपीयूच्या मेमरीचं) प्रोफाइल दिलेलं असतं, तेव्हा सगळ्यांकडे एकेक १०८० पीचा मॉनिटर होता. मग मॉनिटर बदलले. १०८० पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल, फोर-के म्हणजे ८२.९ लाख, सरळ चौपट, आणि दोन लावले की आठपट. एवढे पिक्सेल रेंडर करायचे, एन्कोड करायचे, पाठवायचे, उघडायचे. कुठलंही सेटिंग न बदलता फक्त मॉनिटर बदलल्याने पूल गुडघ्यावर येऊ शकतो.

टास्क मॅनेजरमधे जीपीयूच्या पानावर डेडिकेटेड मेमरी बघा. ती कायम काठोकाठ भरलेली असेल तर डेटा सिस्टम रॅममधे ढकलला जातो आणि तिथून सगळं अडखळायला लागतं, जीपीयूचा वापर मात्र ४० टक्केच दिसतो, त्यामुळे माणूस चकतो. त्याच पानावर थ्रीडी आणि व्हिडिओ एन्कोड असे वेगवेगळे ग्राफ आहेत, त्यातला कुठला छताला लागलाय ते वेगळं बघा. पटकन खात्री करायची तर युजरला एक मॉनिटर बंद करायला सांगा किंवा रेझोल्यूशन १०८० पी करायला सांगा. एकदम सुधारलं तर प्रोफाइल मोठं करा. काहीच फरक नाही तर परत परफमॉनकडे.

होस्टवर काय चाललंय

जीपीयू मोकळा आणि तरी इनपुट फ्रेम कमी, असं असेल तर सीपीयूकडे बघा. व्हर्च्युअलायझेशनमधे सीपीयू लोक मनसोक्त वाटतात, ६४ कोरवर ३०० व्हीसीपीयू (व्हीएमना दिलेले व्हर्च्युअल सीपीयू) वगैरे, कारण "सगळे एकदम वापरत नाहीत". सकाळी लॉग इनच्या वेळी सगळे एकदमच वापरतात. ईएसएक्सटॉपमधे (व्हीएमवेअर होस्टवरची कमांड) आरडीवाय म्हणजे रेडी टाइमचा (व्हीएमने सीपीयूची वाट बघण्यात घालवलेल्या वेळेचा) कॉलम बघा. दर व्हीसीपीयूमागे ५ टक्क्यांच्या वर सतत असेल तर लक्ष द्या, १० च्या वर म्हणजे युजरला नक्की जाणवतंय. व्हीएमच्या आतून हे दिसत नाही, आत टास्क मॅनेजर म्हणेल सीपीयू ५० टक्के, कारण ज्या वेळात त्याला सीपीयू मिळालाच नाही तो वेळ त्याच्या हिशोबातच नसतो.

बायोसमधली पॉवर पॉलिसी हाय परफॉर्मन्सवर आहे का तेही बघा, सर्व्हर पॉवर सेव्हिंगवर ठेवून वर्कस्टेशनसारख्या वेगाची अपेक्षा करायची हा प्रकार जुना आहे. कॅडची बरीच कामं एकाच कोरवर जोर देतात, तिथे कोरच्या संख्येपेक्षा क्लॉक स्पीड जास्त कामाचा. व्हीएमला चाराचे आठ व्हीसीपीयू दिल्याने तिथे काही होत नाही, उलट रेडी टाइम वाढायची भीती.

व्हीस्फिअरमधे (व्हीएमवेअरचं होस्ट चालवणारं सॉफ्टवेअर) अजून एक, होस्टच्या ग्राफिक्स सेटिंगमधे व्हीएम जीपीयूंवर पसरवायच्या की एक जीपीयू भरेपर्यंत त्याच्यावरच लादायच्या असा पर्याय असतो. दुसरा निवडलेला असेल तर एक कार्ड घामाघूम आणि शेजारचं रिकामं असं दृश्य दिसतं. आणि शेड्युलर बेस्ट एफर्ट असेल तर एखादा रेंडरिंग लावून बसलेला युजर बाकीच्यांचा वाटा खातो. तक्रार "कधीकधीच होतं" अशी असेल तर हे नक्की तपासा, इक्वल शेअर किंवा फिक्स्ड शेअर करून बघता येतं, पण मग कार्ड रिकामं असतानाही प्रत्येकाला ठरलेलाच वाटा मिळतो हे आधी टीमला सांगून ठेवा.

नेटवर्क: स्पीड टेस्ट बाजूला ठेवा

स्पीड टेस्ट बँडविड्थ सांगते, आणि रिमोट डेस्कटॉपला बहुतेक वेळा तिची कमी नसते. छळतात ते लेटन्सी, जिटर (लेटन्सी सतत वरखाली होणं) आणि पॅकेट लॉस (डेटाचे तुकडे वाटेत हरवणं). १ टक्का लॉससुद्धा टीसीपीवर चांगलाच जाणवतो कारण हरवलेलं पॅकेट परत येईपर्यंत मागची सगळी अडून राहतात. ॲझ्युर व्हर्च्युअल डेस्कटॉपसाठी मायक्रोसॉफ्टचं सांगणं राउंड ट्रिप १५० मिलिसेकंदाच्या खाली ठेवा असं आहे, पण ते साध्या कामाला, ज्याला दिवसभर मॉडेल फिरवायचंय किंवा टॅब्लेटवर पेनने काढायचंय त्याला ५० च्या पुढे गेलं की हाताला कळतं.

लेटन्सी पैसे टाकून एका मर्यादेपुढे कमी होत नाही. फायबरमधे प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १००० किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद गेलेच, राउटर आणि वळसे वेगळे. सर्व्हर चुकीच्या रीजनमधे असेल तर लाइन बदलून काही होणार नाही, सर्व्हर जवळ आणावा लागतो.

मग येतं यूडीपी. आजकालचे सगळे मुख्य प्रोटोकॉल यूडीपीवर चांगले चालतात आणि ते मिळालं नाही की गुपचूप टीसीपीवर उतरतात, काही एरर न देता. हे गुपचूप उतरणंच त्रासाचं मूळ असतं. आरडीपीमधे वर कनेक्शन बारवरच्या सिग्नलच्या चिन्हावर क्लिक केलं की यूडीपी चालू आहे का ते लिहिलेलं येतं. सिट्रिक्समधे सीटीएक्ससेशन कमांडने ट्रान्सपोर्टची ओळ दिसते, तिथे यूडीपी असायला हवं. नसेल तर पोर्ट बघा: थेट आरडीपीला ३३८९, पीसीओआयपीला (हा आणि ब्लास्ट, दोन्ही होरायझनमधले प्रोटोकॉल) ४१७२, सिट्रिक्सला १४९४ आणि २५९८, ब्लास्टला गेटवेवर साधारण ८४४३. फायरवॉलवाले टीसीपी उघडतात आणि यूडीपी विसरतात, त्यामुळे "पोर्ट ओपन आहे" या उत्तरावर समाधान मानू नका, कुठलं ओपन आहे ते विचारा.

व्हीपीएनमधे दोन सापळे. व्हीपीएन स्वतःच टीसीपीवर चालत असेल तर आतला यूडीपी पण टीसीपीतूनच जातो, सगळा फायदा गेला. आणि टनेलमुळे एमटीयू (एका पॅकेटचा सगळ्यात मोठा आकार, बाइटमधे) १५०० पेक्षा कमी होतो, मोठी पॅकेट तुटतात किंवा हरवतात, मग कनेक्शन लागतं पण स्क्रीन अर्धवट येतो किंवा मधेच गोठतो. डोंट फ्रॅगमेंट लावून पिंगचा आकार कमी करत गेलात की खरा एमटीयू सापडतो. शक्य असेल तिथे रिमोट डेस्कटॉपचा ट्रॅफिक टनेलच्या बाहेरून सोडा, तो तसाही एन्क्रिप्टेड असतो, पण हे सिक्युरिटीवाल्यांना विचारून, त्यांच्या पाठीमागे नको.

घरच्या युजरला सांगायचं ते सोपं: एकदा केबल लावून बघ. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर लॉस आणि जिटर दोन्ही असतात आणि केबल लावल्यावर पाच मिनिटांत निकाल लागतो.

इकडचं मशीन

क्लायंटकडे कोणी बघतच नाही, "तो तर नुसतं चित्र दाखवतो". अहो पण चित्र उघडावं लागतं. जुना थिन क्लायंट (फक्त रिमोट डेस्कटॉप दाखवायचं छोटं मशीन), दोन फोर-के मॉनिटर आणि हार्डवेअर डीकोडिंग नाही, म्हणजे त्याचा सीपीयू १०० टक्के आणि फ्रेम सर्व्हरकडून निघून दारात येऊन पडलेल्या. क्लायंटवरच टास्क मॅनेजर उघडून सीपीयू आणि व्हिडिओ डीकोडचा ग्राफ बघा. सीपीयू पेटलाय आणि डीकोड शून्य, तर क्लायंट ॲप अपडेट करा, ड्रायव्हर टाका, किंवा सर्व्हरकडून असा कोडेक द्या जो या मशीनला हार्डवेअरवर झेपतो. एचईव्हीसी आणि एव्ही१ हे नवे कोडेक बँडविड्थ वाचवतात हे खरं, पण जुन्या मशीनला ते हार्डवेअरमधे येत नसतील तर एच.२६४ च बरं. ब्राउझरमधून लॉग इन करत असाल तर एकदा इन्स्टॉल केलेल्या ॲपमधून करून बघा, खूपदा तेवढ्यानेच काम होतं. यूएसबीचे काही डॉक मॉनिटरचं चित्र स्वतः सॉफ्टवेअरने कॉम्प्रेस करतात, तेही सीपीयू खातात. आणि लॅपटॉप बॅटरी सेव्हरवर असेल तर चार्जर लावा, एवढं साधं कारणही असतं.

क्वालिटीची सेटिंग

"अक्षरं धूसर दिसतात, रंगीत अक्षरं तर वाचवत नाहीत" ही तक्रार आली की ते बहुतेक ४:२:० चं काम असतं, त्यात रंगाची माहिती चौथ्या हिश्श्यावर येते. व्हिडिओत कळत नाही, काळ्यावर लाल अक्षरांत लगेच कळतं. ४:४:४ केलं की सुधारतं पण बँडविड्थ आणि डीकोडिंगचा बोजा वाढतो. सिट्रिक्समधे "फॉर ॲक्टिव्हली चेंजिंग रीजन्स" हा पर्याय मला ऑफिसच्या कामासाठी सगळ्यात शहाणा वाटतो, हलणारा भाग व्हिडिओसारखा जातो आणि स्थिर अक्षरं स्पष्ट राहतात. डिझाइनवाल्यांना बिल्ड टू लॉसलेस द्या, फिरवताना थोडं धूसर, थांबलं की पिक्सेल न् पिक्सेल खरा. ऑलवेज लॉसलेस मात्र कोणी हौसेने लावू नये, ते चांगल्या लॅनवरच परवडतं.

व्हिडिओ कॉल व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या आत चालवायचा म्हणजे चित्र एकदा तिकडे उघडायचं, परत एन्कोड करायचं, इकडे परत उघडायचं. टीम्स, झूम यांची व्हीडीआयसाठी (म्हणजे व्हर्च्युअल डेस्कटॉपसाठी) वेगळी सोय असते, त्यात ऑडिओ-व्हिडिओ थेट युजरच्या मशीनवर येतो. ती चालू नसेल तर चार जणांच्या मीटिंगने होस्ट वाकतो. टीम्समधे अबाउटमधे ऑप्टिमाइज्ड लिहिलेलं दिसतं का ते बघा.

ॲनिमेशन बंद करा, ट्रान्सपरन्सी काढा, वॉलपेपर साधा ठेवा, हे सल्ले जीपीयू नसलेल्या पूलमधे खरंच उपयोगी आहेत, जीपीयू असेल तर फरक जेमतेम. पण एक गोष्ट दोन्हीकडे लागू: स्क्रीनवर जे जे हलतं ते एन्कोड होतं. ब्राउझरच्या कोपऱ्यात नाचणारी जाहिरात, सतत फिरणारं लोडिंगचं चक्र, शेअरच्या भावांची धावती पट्टी, हे सगळं दिवसभर फ्रेम बनवत बसतं आणि पन्नास युजरकडे तेच उघडं असेल तर बेरीज मोठी होते.

वर पाठवायची वेळ आली तर

बदल एका वेळी एकच करा आणि आधीचे-नंतरचे आकडे लिहून ठेवा. व्हेंडरकडे केस टाकायची झाली तर "ग्राफिक्स स्लो आहे" असं लिहिलंत की पहिलं उत्तर येईल ड्रायव्हर अपडेट करा. त्यापेक्षा हे द्या: त्रास होतानाचे इनपुट-आउटपुट फ्रेम, एन्कोडिंग टाइम, तिन्ही स्किप काउंटर, आरटीटी आणि ट्रान्सपोर्ट टीसीपी की यूडीपी, कोडेक, मॉनिटर किती आणि केवढे, व्हीजीपीयू प्रोफाइल, लायसन्स स्टेटस, होस्ट आणि गेस्ट दोन्ही ड्रायव्हरच्या आवृत्त्या, आणि होस्टचा रेडी टाइम त्याच वेळेचा. वेळ दोन्हीकडे जुळणारी लिहा, टाइम झोनसकट, कारण लॉग बहुतेक यूटीसीमधे असतात आणि त्यात साडेपाच तासांचा घोळ झाला की भलत्याच वेळचे लॉग चाळले जातात.